कोणाला विचारायचं, त्याची यादी

ज्या डेटाबेसवर माझं पोट चालतं, त्याच्या आत सात ओळींचं एक टेबल आहे. बाकीच्या टेबलांत जगाचा पसारा असतो: गिऱ्हाइकं, औषधं, पार्सलं. हे टेबल मात्र डेटाबेसने स्वतःसाठी ठेवलेलं आहे. माहिती कोणकोणत्या रितींनी शोधता येते, त्या रितींची ही नोंद. पीजी_एएम असं त्याचं रुक्ष नाव आहे आणि रोज डेटाबेस वापरणाऱ्या बहुतेकांनी ते कधी उघडूनही पाहिलेलं नसतं. मी पाहिलंय, कारण नको तिथे नाक खुपसायची मला सवय आहे.

सातातली एक ओळ शोधायची नाहीच, नुसती ठेवायची आहे. तिचं नाव हीप, म्हणजे ढीग. आलं तसं टाकत जायचं. उरलेल्या सहा रिती इंडेक्सच्या, शोधायच्या. बी-ट्री ही सगळ्यांची लाडकी. सगळं क्रमाने लावून ठेवते, त्यामुळे नाव सांगितलं की पापणी लवायच्या आत माणूस हजर. एक रीत तंतोतंत तेच हवं असेल तरच कामाची. एक ‘हेच नाही, पण याच्या जवळपासचं’ काढून देते. एका ओळीत दहा गोष्टी असल्या तर दहाही बाजूंनी तिच्यापर्यंत पोचवणारी एक आहे. एक जरा आळशी. या गठ्ठ्यात इथपासून इथपर्यंतचं आहे, एवढंच ती लक्षात ठेवते. आणि उरलेली एक मी आजवर कधी वापरलेली नाही, त्यामुळे तिच्याविषयी उगाच शहाणपणा करत नाही.

या टेबलाच्या प्रत्येक ओळीत रितीचं नाव असतं, प्रकार असतो आणि हँडलर असतो. हँडलर म्हणजे ते काम प्रत्यक्ष करणारा. टेबलाला स्वतःला काही शोधता येत नाही. अमुक रितीने शोधायचं असेल तर अमक्याला विचारा, एवढंच ते सांगतं. पूर्वी त्यात पुष्कळ रकाने होते: ही रीत क्रम ठेवते का, ही पुनरुक्ती ओळखते का, असे. पुढच्या आवृत्तीत ते सगळे काढून टाकले आणि जे काय असेल ते हँडलरलाच विचारा, असं केलं. मला तेव्हा हा बदल फार आवडला होता. पसारा कमी झाला की मला बरं वाटतं, घरातला असो नाहीतर डेटाबेसमधला. या स्वभावापायी मी एक मोठी गोष्ट घालवून बसलो.

वाशीमला स्टेशनकडच्या रस्त्यावर एका चाचांचा फोटो स्टुडिओ होता. बाबा गेल्यावर मी पुण्याचं बिऱ्हाड मोडून आईपाशी राहायला आलो आणि घरूनच काम करू लागलो. एकदा कुठल्याशा अर्जासाठी फोटो हवा होता म्हणून चाचांकडे गेलो, आणि कपाटाच्या दाराला आतून खळीने चिकटवलेला एक पिवळा कागद मला दिसला. त्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं:

नावानं: मोठं रजिस्टर.
गावानं: निळी वही.
सालानं: डब्ब्याच्या झाकनावर पाहा.
लग्नातले: चाचीले इचारा.
चेहऱ्यानं: मले इचारा.

मी वेड्यासारखा हसत सुटलो. हे आमचं सात ओळींचं टेबल होतं! रीत आणि तिचा हँडलर. एकेका लग्नाच्या फोटोत तीसतीस माणसं, आणि त्यातलं कोण कुठल्या लग्नात उभं होतं ते चाचींना पाठ. चाचांना मी हे समजावून सांगायला गेलो तर ते म्हणाले, “बेटा, मी नमाजले गेलो का लोकं येऊन चाचीचं डोकं खातेत. म्हनून लिहून ठेवलं.”

चाचांकडे फोटो काढायला येणारं आता कोणी उरलं नव्हतं. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा. लोक यायचे ते गेलेल्या माणसांसाठी. घरात कोणी वारलं की भिंतीवर लावायला फोटो लागतो, आणि जुन्या माणसांचा फोटो असलाच तर चाचांच्या निगेटिव्हमध्येच असायचा. एकदा मी बसलेलो असताना इंझोरीची एक बाई आली. तिला सासूचा फोटो हवा होता. साल ठाऊक नव्हतं, आणि नावाने रजिस्टरात काही लागेना, कारण बायकांचे फोटो त्यांना घेऊन येणाऱ्या माणसाच्या नावावर लिहिलेले असत. तो माणूस दीर होता की भाऊ, हे कोण सांगणार? चाचांनी बाईच्या सोबत आलेल्या नणंदेकडे नीट पाहिलं. मग कपाटातून गंजका बिस्किटाचा डबा काढला, दोनचार पट्ट्या उजेडाकडे धरल्या आणि एक पुढे केली. नणंद पट्टीकडे न बघताच रडायला लागली.

असे डबे भिंतभर होते. एका डब्यात एका सालचे रोल, आणि रोलमधल्या पट्ट्या ज्या क्रमाने काढल्या त्याच क्रमाने. बघून माझे हात शिवशिवू लागले.

“चाचा, हे समदं मी कंप्युटरवर करून देतो,” मी म्हणालो. “फुकट. नाव टाकलं का फोटो.”

त्यांना आनंद झाला. त्यांची नजर कमी होत चालली होती आणि मुलांपैकी कोणाला स्टुडिओत रस नव्हता. पुढचं जवळजवळ वर्षभर मी दर रविवारी डबे घरी आणायचो आणि स्कॅन करायचो. डेटाबेसमध्ये एका माणसाला एक ओळ, म्हणून निगेटिव्हचंही तसंच केलं. पट्ट्या कापल्या. ज्याची फ्रेम त्याच्या नावाच्या प्लास्टिकच्या पाकिटात, पाकिटं गावाप्रमाणे, गावात नावाप्रमाणे. चाचांना पहिल्यांदा ती पाकिटं दाखवली तेव्हा त्यांनी एक पाकीट हातात घेऊन उलटसुलट केलं.

“डब्बे राहू दे ना बेटा,” ते म्हणाले.

“काहून चाचा? गंजून गेले ते. काय हाय त्याच्यात?”

“तसं काई नाई. त्याहिचं शेजारपन हाय.”

मला वाटलं, म्हातारं माणूस, जुन्या वस्तूंत जीव अडकलाय. डेटाबेसमधून एखादी रीत काढून टाकायला गेलं तर तो आधी अडवतो. हिच्यावर अमुक अमुक अवलंबून आहे, म्हणतो. चाचांनी मला तसंच अडवलं होतं, फक्त अदबीने. मी ऐकलं नाही आणि डबे भंगारवाल्याला गेले.

कापता कापता काही फ्रेम अशा निघाल्या की रजिस्टरात त्यांचा मागमूस नव्हता. बहुतेक लहान पोरं. चाचांना विचारलं तर हसले. एका रोलवर बारा फोटो निघत. रोल संपल्याशिवाय धुवायला घालता येत नाही, आणि गिऱ्हाइकाला तर फोटोची घाई. मग शेवटच्या एकदोन फ्रेमवर ते त्याच गिऱ्हाइकाबरोबर आलेल्या पोराला खुर्चीवर बसवून फोटो काढत. तो कोणी मागितलेला नसे, म्हणून रजिस्टरात नाही, आणि प्रिंटही नाही. मी अशा सगळ्या फ्रेम गोळा करून बुटांच्या दोन खोक्यांत टाकल्या, वर ‘बेनाम’ लिहिलं आणि त्यांचं स्कॅनिंग तेवढं करून ठेवलं. ढीग झाला, पण माझं टेबल स्वच्छ राहिलं. मी स्वतःवर खूश होतो.

काम संपलं त्या वर्षी चाचा गेले. झोपेतच गेले. दफनाला गावातली निम्मी माणसं होती, त्यातल्या कित्येकांच्या घरच्या भिंतीवर चाचांनी काढलेले फोटो असतील. चाची लेकीकडे मालेगावला राहायला गेल्या.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी दुपारी आई चहा घेऊन माझ्या खोलीत आली. स्क्रीनवर आसेगावच्या एका ओळखीच्या बाईंचा तरुणपणीचा फोटो होता.

“हे बाई त वारली,” आई म्हणाली. “तिच्या घरी फोटोच नव्हता म्हने. हा कुठून आला?”

“निगेटिव्ह होती माय. कोनी प्रिंट नेली नव्हती.”

आईने कप टेबलावर ठेवला, पण तिचा हात कपावरून सुटला नाही.

“नेला नसला तरी राह्यते का फोटो?”

“राह्यते ना.”

“चाळीस वर्सं?”

“जास्तही.”

ती माझ्या पलंगावर बसली. माझ्याआधी आमच्या घरात एक मुलगी होती, एवढं मला माहीत होतं. त्यापुढे कधी कोणी बोलायचं नाही. बाबांसमोर तर विषयच नाही. त्या दुपारी आई पहिल्यांदा बोलली, आणि माझ्याकडे न बघता, खिडकीकडे बघत बोलली.

“तुया बाबाले शाळेत शिपायाची जागा लागाची होती. त्याच्या कागदाले फोटो पायजे होता. आमी यश्टीनं वाशीमले आलो. पोरगी माह्या कडीवर. बाबाचा फोटो झाला आन् चाचा मने, बाई, पोरीले बसवा खुर्चीवर, रोल संपवाचा हाय. बसवलं त पाय हालवे आन् हासे. चाचा मने, पुढच्या खेपीले आले का हा बी देतो. आन् पंधरा रोजात गोवर निंगाला तिले. मंग कोन जाते फोटो आनाले?”

मी स्क्रीनवरचा फोटो बंद केला.

“मले वाटे, आनला नाई त फोटो राह्यलाच नसंन. तिचं तोंड आता मले आठोत नाई रे. डोये मिटले का तुयंच लहानपनचं तोंड येते. येक डाव पाहू दे मले. बस, येक डाव.”

तिला अजून माहीत नव्हतं, पण मला त्याच क्षणी कळलं होतं.

तिच्यासमोरच बाबांचं नाव टाकलं. बी-ट्रीने आपलं काम केलं. एंटर दाबेपर्यंत बाबा समोर. पंचविशीतले, कॉलरचं वरचं बटण लावलेले, मागे साधा राखाडी पडदा. आई म्हणाली, हाच, याच्याच बाजूची. मी पाकीट शोधून मूळ निगेटिव्ह काढली. काठावर दहा आकडा होता. दोन्ही बाजूंना माझ्या कात्रीचे सरळ, स्वच्छ काप. अकरा आणि बारा तिथे नव्हत्या. त्या बुटांच्या खोक्यांत होत्या, आणि त्या खोक्यांतल्या जवळजवळ सगळ्याच फ्रेमवर अकरा किंवा बारा लिहिलेलं होतं. कुठल्या रोलची कुठली, हे सांगणारी एकच गोष्ट होती, शेजारी कोण आहे ते. ती मी कापली होती. चाचा असते तर त्यांनी डबा उघडून, पट्टी उजेडाकडे धरून, एका मिनिटात आईच्या हातात दिली असती. डबा नसता तरी माझ्या तोंडाकडे पाहून दिली असती. आणि चाचा असताना आई वर्षभर त्याच गावात, माझ्याच घरात होती. मला कधी विचारावंसं वाटलं नाही, तिला कधी सांगावंसं वाटलं नाही.

मी चाचींना फोन केला. त्या म्हणाल्या, “बेटा, मले लग्नं ठाऊक. बाकीचं समदं त्याहिले.”

इंडेक्स नसला म्हणून डेटाबेस हात टेकत नाही. पहिल्या ओळीपासून सुरू करतो आणि एकेक ओळ बघत शेवटापर्यंत जातो. वेळ लागतो, पण असेल तर सापडतंच. फक्त जे शोधायचं ते दिसलं की ओळखता यायला हवं. मला बहिणीचं तोंड माहीत नव्हतं. आईला माहीत होतं, पण ती विसरली होती आणि म्हणूनच तर शोधत होती. तरी आम्ही बसलो. दुसरा उपाय नव्हता. रोज दुपारी जेवणं झाली की आई चष्मा पुसून माझ्या शेजारी खुर्ची ओढायची आणि मी बेनाम पोरं एकेक करून पुढे सरकवायचो.

पहिले काही दिवस आई फार सावध होती. प्रत्येक पोरीजवळ थांबायला लावायची, जवळ जाऊन बघायची, आणि मान हलवायची. मग तिला त्या पोरांचाच लळा लागला. “याले पाह्य, कसा रडून राह्यला,” “हिचं नाक पुसाले कोनाले वेळ नाई का,” असं चालायचं. कधी हसायचीसुद्धा. मी मात्र आतल्या आत करपत होतो. एकदा तिला सांगून टाकलं, माय, मी पट्ट्या कापल्या म्हणून हे असं झालं, नाहीतर पाच मिनिटांचं काम होतं. तिला ते नीट कळलं नसावं. “तुले कुठं ठाऊक होतं,” एवढंच म्हणाली आणि पुढचा फोटो दाखव म्हणाली. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

तिसऱ्या आठवड्यात ती थकली. चष्म्याआड डोळ्यांतून पाणी यायचं, आणि आता प्रत्येक पोरीवर ती म्हणायची, “अशीच होती. पन हे नाई.” मी म्हणालो, दोन दिवस थांबू. ती थांबली नाही. मलाच भीती वाटू लागली की बहीण कधीच समोरून निघून गेली असेल, आणि आई ‘हे नाई’ म्हणाली असेल.

मग एका दुपारी तिने माझं मनगट धरलं.

“ही.”

तीनचार वर्षांची मुलगी खुर्चीवर बसली होती. एक पाय हललेला, त्यामुळे पुसट. तोंडभर हसू. आईने स्क्रीनवर बोट ठेवलं आणि त्या गालावरून खाली आणलं.

“हीच. पाय पाह्य, हालवून राह्यली.”

मी त्या मुलीच्या मागे पाहिलं. मागे धबधब्याचा रंगवलेला पडदा होता. चाचांच्या रजिस्टरात एका पानाच्या डोक्यावर लिहिलेलं मी स्वतः टाइप केलं होतं: आजपासून नवा पडदा. ती तारीख माझ्या जन्माच्या पुढची होती. माझी बहीण माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधीच गेली होती. ही दुसऱ्या कोणाचीतरी मुलगी होती. बापाबरोबर किंवा आईबरोबर बाजाराला आलेली, उरलेल्या फ्रेमवर बसवलेली.

आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ओठांवर आलेलं मी गिळलं.

“सापडली नं माय,” मी म्हणालो.

फोटो मोठा करून आणला, चौकट करवली. आईने तो देवघराशेजारी बाबांच्या फोटोच्या खाली लावला. चारआठ दिवस तिच्या पावलांत असा हलकेपणा होता की शेजारच्या काकूंनीसुद्धा विचारलं, काय झालं म्हणून. आता झोप लागते, म्हणाली. डोळे मिटले की आता तीच येते, म्हणाली. ती कोण, ते मी विचारलं नाही. दुपारी आई झोपली की मी अजूनही बुटांच्या खोक्यांतल्या राखाडी पडद्याच्या फ्रेम काढून बघतो. माझी बहीण त्यातच आहे, यात शंका नाही. एकही फ्रेम मी फेकलेली नाही. पण कितीही पाहिलं तरी त्यातली कोण माझी, हे सांगता येत नाही, आणि आईला ते पुन्हा विचारणं माझ्याच्याने होत नाही.

फोटो लावला त्या आठवड्यातच आई म्हणाली, “हार घेऊन ये.”

“राहू दे माय. हार नको.”

“काहून? गेलेल्या मानसाले हार नाई घालत का?”

जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, हे तिनेच मला लहानपणी शिकवलं होतं. ती पोर आता माझ्याच वयाची असेल. कुठल्यातरी गावात भाकरी थापत असेल, नाहीतर ऊसतोडीला गेली असेल, पोरांवर ओरडत असेल. मी काय सांगणार होतो? शेवटी चौकातून शेवंतीचा हार घेऊन आलो आणि आईने तो स्वतःच्या हातांनी घातला.

बहीण गेली त्या तिथीला दर वर्षी तो हार बदलतो. आई दिवा लावते, आणि मी फोटोपुढे हात जोडून उभा राहतो. बाई, तू जिथे असशील तिथे सुखी राहा, तुला उदंड आयुष्य मिळो, मला माफ कर, असं ओठांतल्या ओठांत म्हणतो. यंदा आईने ते पाहिलं.

“काय मांगून राह्यला रे तिले?” तिने विचारलं.

“काही नाही माय,” मी म्हणालो.